खोब्रागडे भाऊ आणि चपलांची रॅक

खोब्रागडे भाऊ कुठल्याही बंद दारापुढे आले की आधी उजवा हात उलटा करून दाराला लावत. तळवा नाही, हाताची पाठ. तसेच दोन क्षण थांबत आणि मगच दार उघडत. आमच्या राईस मिलच्या ऑफिसचं दार असो, गोदामाचं असो, नाहीतर संडासाचं, भाऊंनी कशातही फरक केला नाही. एकदा ते माझ्या मावशीकडे चहाला आले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारालाही असाच हात लावला. मावशीला वाटलं, धूळ तपासताहेत. ते गेल्यावर तिने दार साबणाने धुतलं आणि पुन्हा त्यांना बोलावण्याचा विषय काढला नाही.

"दारामागं आग असंल तर दार गरम लागते," त्यांनी मला सांगितलं होतं. "तळव्यानं पाह्यलं आन् तळवा पोळला, तर मंग कडी कायनं उघडान?"

मावशीच्या स्वयंपाकघरात तेव्हा फक्त साबुदाणा भिजत होता, हे मी बोलले नाही. मी तशी फारसं बोलतच नसे.

ब्रह्मपुरीच्या बाहेर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध आमची मिल होती. मी तिथे ऑफिसात होते. पत्रं, रजिस्टर, हजेरी आणि इंग्रजीत येणारे सगळे कागद माझ्याकडे असत. मी वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. मराठी मला वाचता येई, लिहिता येई, पण मोठ्या आवाजात बोलता येत नसे. खरं तर इंग्रजीही येत नसे. आमच्या शाळेत दरवर्षी फायर ड्रिल व्हायची. घंटा झाली की आम्ही ओठांवर बोट ठेवून रांगेने मैदानात जायचो. आग लागली की गप्प बसायचं असतं, असं माझं बरीच वर्षं मत होतं.

भाऊ मिलमध्ये आले ते एका पत्रामुळे. ते पत्र मीच शेठना वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की मालकाने आगीच्या वेळी माणसं बाहेर काढण्याची लेखी योजना करावी, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, काम चालू असताना त्या दारांना कुलूप नसावं, सगळ्यांनी कुठे जमायचं ती जागा ठरवावी, कामगारांना शिकवावं, आणि बाहेर आलेल्या माणसांची मोजणी करायला कुणाला तरी नेमावं. शेठ डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे एक सही करणारा माणूस पायजे."

सही करणारा माणूस म्हणून खोब्रागडे भाऊंना आणलं. साठीच्या पुढचे, वाळलेल्या काठीसारखे, पायात जाड काळे बूट, खिशाला शिट्टी. आयुष्यभर त्यांनी वेगवेगळ्या कारखान्यांत आगीच्या बंबावर काम केलं होतं. पहिल्या दिवशी ते ऑफिसात आले, दाराला उलटा हात लावला, आत येऊन नमस्कार न करता माझ्यामागच्या बारदान्याच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, इथी आग लागली तर तुमी कुठून निघान?"

मी दाराकडे बोट केलं.

"आन् आग दारातच असंल तर?"

मी खिडकीकडे बोट केलं. खिडकीला गज होते.

"म्हणजे तुमी निघतच नाई," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "ठीक आहे. सुरुवात तुमच्यापासून."

संध्याकाळपर्यंत बारदाना गोदामात गेला होता. दुसऱ्या दिवशी गजही गेले. शेठ त्या रिकाम्या खिडकीकडे असं पाहत होते, जसं कुणी घरातून भांडं नेलंय.

भाऊंच्या साऱ्या खटाटोपामागे एकच गोष्ट होती, आणि ती ते लपवत नसत. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा कारखान्यात (नाव त्यांनी कधी सांगितलं नाही) आग लागली होती. सगळे बाहेर आले. भाऊंनी डोकी मोजली. गिनती बरोबर भरली म्हणून त्यांनी साहेबांना "सब बाहर" असं सांगितलं. पण रांगेत एकजण बिडीसाठी इकडून तिकडे गेला होता आणि भाऊंनी त्याला दोनदा मोजलं होतं. आत राहिलेला माणूस त्यांचा मित्र होता. तो जगला, पण धुराने घसा असा गेला की तेव्हापासून कुजबुजतोच. "अजून फोन करते मले," भाऊ सांगत. "मी कान लावून बसतो. काय बोलते ते निम्मं समजते, निम्मं नाई. पण ठेवत नाई मी फोन."

तेव्हापासून भाऊंचा डोक्यांवर विश्वास नव्हता. "डोकं हालते," ते म्हणत. "हालते ते मोजता येत नाई." मरायच्या आधी एकदा तरी आपली गिनती खरी भरावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आमच्या मिलमध्ये ती भरत नव्हती.

पहिली ड्रिल झाली त्या दिवशी मिलमध्ये एकेचाळीस माणसं होती. भाऊंनी हाताने फिरवायचा भोंगा कुठूनसा आणला होता, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नसे आणि आगीच्या वेळी ती हमखास जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला फोनवर वेळ धरायला सांगितलं होतं. भोंगा वाजला. आतून पहिला प्रश्न आला तो पॅकिंगच्या शेवंताबाईंचा.

"भाऊ, खरी का खोटी?"

"पाय चालवा, मंग सांगतो."

"आधी सांगा. खोटी असंल तर एवढं पोतं शिवून येतो."

त्या पोतं शिवूनच आल्या. बाकीचे आले ते डबे घेऊन, एकजण सायकलच्या हवेचा पंप घेऊन. त्याला तो आतच का ठेवावा लागत होता ते मला अजून कळलेलं नाही. आणि मग सगळे दारात अडकले. कारण दारात चपला होत्या.

हे समजायला आमच्या मिलची रीत माहीत हवी. धान म्हणजे अन्न, त्यावर चपला घालून कुणी पाय देत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, म्हणून तो सगळे पाळत. आत जाताना चपला दारात काढायच्या. एकेचाळीस माणसांच्या चपलांचा दारापुढे एक ढीग असायचा, आणि त्यातल्या निम्म्या एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच रंगाच्या. त्या ढिगापुढे आमची माणसं वाकून, शांतपणे, एकमेकांशी बोलत, आपापली चप्पल शोधत होती. मागून भाऊ शिट्टी फुंकत होते.

"अहो, आग लागली आहे."

"लागली तर लागली, भाऊ. पण हे डावी माही नाई."

"अनवाणी निघा न, बापा."

"बाहेर खळ्यावर पाय ठेवून पाहा," शेवंताबाई म्हणाल्या. "मे महिना आहे. आगीनं नाई मरत आमी, खळ्यानं मरतो."

धान वाळवायचं काँक्रीटचं खळं दारापासून पार मोहाच्या झाडापर्यंत पसरलेलं होतं आणि दुपारी ते तव्यासारखं तापे. बाईंचा मुद्दा बरोबर होता. मी वेळ पाहिली. अकरा मिनिटं झाली होती. मी फोन भाऊंपुढे धरला.

"अकरा मिनिटांत," ते म्हणाले, "मिल जळून, राख थंडी होऊन, शेठ नवी मिल बांधाले काढते."

जमायची जागा ठरली होती त्या मोहाखाली मोजणी केली, ती त्रेचाळीस भरली. एकेचाळीसपेक्षा दोन जास्त. एक चहावाला निघाला आणि एक वाटसरू, जो भोंगा ऐकून काही वाटप चाललंय की काय म्हणून आला होता. भाऊ त्या रात्री जेवले नाहीत असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं.

पुढच्या ड्रिलला अडतीस भरली. तीन बाया मागे नळावरच्या धुण्याकडे गेल्या होत्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये घेतली ती ड्रिल तशी यशस्वी म्हणता येईल. मोहाची फुलं पडत होती, म्हणून बाया भोंगा वाजायच्या आतच झाडाखाली हजर होत्या. अडचण एवढीच झाली, की ड्रिल संपल्यावर तिथून कुणी परत यायला तयार होईना.

मागच्या दाराची गोष्ट वेगळी. गोदामाला मागे एक दार होतं, आणि त्याला शेठचं कुलूप होतं. तांदूळ जाईल म्हणून. किल्ली शेठच्या खिशात. भाऊंनी चार वेळा सांगितलं, मी चार वेळा इंग्रजीतून पत्राचा तो परिच्छेद वाचला. शेठ म्हणत, "हो हो, करून टाकू." मग एके दिवशी भाऊ शेठना गोदामात घेऊन गेले, छपराला कुठे गळतंय ते दाखवायला. दोघं आत पोहोचले तसा बाहेर भोंगा वाजला. तो मी फिरवत होते, भाऊंनी सांगितल्याप्रमाणे, हात दुखेपर्यंत. पुढच्या दारात चपलांचा ढीग आणि माणसांचा गोळा. शेठ मागच्या दाराकडे वळले. खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला.

"किल्ली घरच्या प्यांटात राहिली," शेठ म्हणाले.

"हो का," भाऊ म्हणाले आणि पोत्यावर बसले. "मंग बसा. जळाले अजून टाइम आहे."

त्या दिवसापासून मागच्या दाराला आतून साधी कडी आली. शेठ आठवडाभर भाऊंशी बोलले नाहीत, पण गोदामात जाताना मात्र हळूच दाराला उलटा हात लावताना मी त्यांना पाहिलं आहे.

वाळूच्या लाल बादल्यांचं असंच. भाऊंनी दहा बादल्या भरून टांगल्या. चार दिवसांत त्यांच्यात वाळू कमी आणि तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची लाल थुंकी जास्त झाली. भाऊ रागावले नाहीत. त्यांनी एक बादली उतरवली, सगळ्यांपुढे ठेवली आणि म्हणाले, "आग लागली तर हे मी हातानं उचलून फेकणार आहो. वारा कोणाकडं असंल ते मात्र सांगता येत नाई." त्यानंतर थुंकायला वेगळा डबा आला. पण जमिनीवरच्या मोठ्या वाळूच्या पेटीत मिलच्या कुत्रीने पिल्लं घातली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. पिल्लं मोठी होईपर्यंत त्या पेटीवर भाऊंनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली होती, 'आग लागल्यास दुसरी पेटी वापरावी'. त्यातलं एक पिल्लू राहिलं. त्याला चपला पळवायचा नाद लागला. तो पुढे महत्त्वाचा ठरला.

दसऱ्याला तर सगळ्या यंत्रांची पूजा झाली, त्यात आग विझवायच्या नळकांड्यांचीही. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि वर पिनेभोवती लाल धाग्याचे सात वेढे, गाठ घट्ट. भाऊ हात जोडून शेवटपर्यंत उभे राहिले, प्रसाद घेतला, खाल्ला, हात पुसले, आणि मग कात्री मागितली.

"सिलेंडरले काई बांधा," ते शेठच्या बायकोला म्हणाले, "पिनेले नोका बांधू, बाई. ऐन वेळी देवाले पण गाठ सुटणार नाई."

माझी शिकवणी वेगळीच होती. ऑफिसच्या बाजूची फायर वॉर्डन मी होते. म्हणजे आग दिसली तर ओरडायचं काम माझं. भाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं की मी सगळ्यांना मेसेज टाकीन.

जेवणाच्या सुट्टीत ते मला मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगाकडे घेऊन जात. स्वतः पन्नास पावलांवर जाऊन उभे राहत आणि हात कानाला लावत.

"म्हणा."

"आग."

"काय म्हटलं?"

"एक्स्क्यूज मी... आग."

भाऊ परत पन्नास पावलं चालत आले. "आगीले काय एक्स्क्यूज मी म्हणता, मॅडम. ते काय तुमच्या पायावर पाय देऊन राह्यली?"

रोज असंच. माझा आवाज घशातून निघे, दाताशी येई आणि तिथे बसे. एकदा मी बऱ्यापैकी ओरडले असं मला वाटलं. भाऊ म्हणाले, "हा चांगला होता. आता हाच जरा तोंडाच्या बाहेर काढा." शेवटी त्यांनी 'आग' सोडून दिली. "तुमाले एकच शब्द शिकवतो," ते म्हणाले. "'थांबा.' आगीत लोक पळत परत जाते. कोणी डब्यासाठी, कोणी मोबाइलसाठी. बाहेर आला तर आला. आत देव जरी राह्यला तरी परत जायचं नाई. कोणी परत निघाला की तुमी म्हणायचं, थांबा. बाकीचं मी पाहतो."

तो शब्दही मी कोंड्याच्या ढिगालाच सांगू शकले.

चपलांचा प्रश्न सुटला तो शेवंताबाईंमुळे. एका दुपारी भाऊ मोहाखाली बसून डोकं धरून म्हणत होते, की ही माणसं जिवासाठी पळत नाहीत. शेवंताबाई तिथेच डबा खात होत्या. म्हणाल्या, "जिवासाठी कायले पळतीन, भाऊ? जीव संगच असते. चप्पल दारात असते."

भाऊ एकदम उठले. दुसऱ्या दिवशी सुतार आला. मोहाच्या झाडाखाली, जिथे सगळ्यांनी जमायचं होतं बरोबर तिथे, लांब लाकडी रॅक उभी राहिली. एकेचाळीस खण, प्रत्येकाला पांढऱ्या रंगात नंबर. चपला आता दारात नाही, झाडाखाली काढायच्या. तिथून दारापर्यंत खळ्यावर जुन्या बारदान्याची पायवाट अंथरली, आणि ती दुपारभर ओली ठेवायचं काम भाऊंनी स्वतःकडे घेतलं. बादली घेऊन ते ती वाट शिंपत फिरत, रोपवाटिकेत फिरावं तसे.

पुढच्या ड्रिलला भोंगा वाजला आणि एकेचाळीस माणसं सरळ आपापल्या चपलांकडे धावली. वाटेत कुणी वळलं नाही, कुणी धुण्याकडे गेलं नाही. मी फोन पाहिला. एक मिनिट पन्नास सेकंद. भाऊंनी डोकी मोजलीच नाहीत. ते रॅकपुढे उभे राहिले. सगळे खण रिकामे होते.

"चप्पल दोनदा मोजता येत नाई," ते म्हणाले. "खण खाली म्हणजे माणूस बाहेर. खणात चप्पल म्हणजे माणूस आत." आणि मग जरा वेळाने, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "त्याले फोन करतो आज."

रॅकमध्ये एक चूक होती, ती तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. भाऊंनी सगळ्या कामगारांचे खण केले, शेठचा केला, माझा केला. स्वतःचा केला नाही. ते आपले जाड बूट झाडाच्या मुळाशी ठेवत. ते बूट पिल्लाला उचलत नसत, म्हणून तशी गरजही पडली नाही.

मग एप्रिलमधला तो दिवस. सकाळी भाऊ आले ते मुलाच्या निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर घालून. बुटाचा तळ निघाला होता, मोच्याकडे दिले होते. मी ऑफिसच्या खिडकीतून, तीच ती गज नसलेली खिडकी, पाहत होते. त्यांनी स्लीपर मुळाशी ठेवल्या. पिल्लू आलं. त्यांनी उचलल्या, पिल्लाला दोन शब्द सुनावले आणि सत्तावीस नंबरच्या खणात ठेवल्या. सत्तावीस दुर्गाचा. दुर्गा पॅकिंगला होती, आणि त्या दिवशी रजेवर, कुरखेड्याला आईकडे गेलेली. रजा हजेरीत मीच लावली होती.

दुपारी दोनच्या सुमारास धान वर चढवणाऱ्या पट्ट्याची बेअरिंग तापली. भुशाची धूळ पेटली, खाली बारदान्यावर पडली आणि धूर निघाला. वीज गेली. भाऊंचं म्हणणं खरं निघालं. त्यांनीच भोंगा फिरवला.

"भाऊ, खरी का खोटी?" आतून आवाज आला.

"पाय चालवा."

सगळे आले. ओल्या बारदान्यावरून, एकामागे एक, थेट मोहाखाली. शेवंताबाईंनी पोतं अर्धवट टाकलं होतं, त्यांच्या हातात दाभण तशीच होती. शेठ मागच्या दाराने, कडी काढून आले. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन आले, आणि घाईत फोनवर घड्याळ लावायचं विसरले. भाऊ सगळ्यांत शेवटी, अनवाणी, धुरातून खोकत. आले ते रॅककडेच.

सगळे खण रिकामे. सत्तावीसमध्ये निळ्या स्लीपर.

मी त्यांचा चेहरा पाहिला. तो मी आधी कधी पाहिला नव्हता, पण ओळखला. फोनवर कान लावून बसलेला माणूस असाच दिसत असणार.

"सत्तावीस कोण?"

"दुर्गा," कुणीतरी म्हणालं.

"दुर्गा कुठी आहे?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कुणी म्हणालं, पाहिली नाही. कुणी म्हणालं, सकाळी होती वाटते. पत्रे तडतडत होते, शेठ बंबाला फोनवर रस्ता सांगत होते, पिल्लू भुंकत होतं. भाऊंनी बारदान्याच्या वाटेवरचं एक ओलं पोतं उचललं, डोक्यावर घेतलं आणि दाराकडे निघाले. जो नियम त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितला होता, तो पायाखाली घालून निघाले.

मी म्हटलं, "भाऊ, त्या तुमच्या आहेत." ते माझं मलाच ऐकू आलं. शेवंताबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनाही आलं नाही. भाऊ खळ्याच्या अर्ध्यावर होते. दारातून काळा धूर येत होता. त्यांनी उजवा हात आधीच उलटा केला होता.

"थांबा!"

मला वाटलं, दुसरं कुणीतरी ओरडलं. पिल्लू गप्प झालं. शेठ फोनवर गप्प झाले. भाऊ थांबले आणि वळले.

"दुर्गा कुरखेड्याले गेली आहे. रजा आहे. ते स्लीपर तुमच्या आहेत, भाऊ. तुमच्या. बूट मोच्याकडं आहे तुमचे." हे सगळं मी ओरडून सांगत होते. मध्येच माझ्या तोंडून 'कुरखेड्याले' निघालं, हे मला रात्री मावशीला सांगताना कळलं.

भाऊंनी खाली पाहिलं. स्वतःच्या पायांकडे. खळं तापलेलं होतं, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. मग पोतं डोक्यावर तसंच घेऊन, हळूहळू, बारदान्याच्या वाटेने परत आले. सत्तावीसमधून स्लीपर काढल्या. घातल्या. रॅककडे पाहिलं.

"म्हणजे आत मीच राह्यलो होतो," ते म्हणाले.

पहिल्यांदा शेवंताबाई हसल्या. त्या दाभण हातात घेऊन खाली बसल्या आणि हसत राहिल्या. "एकेचाळीस जणाइचे खण केले बापानं, आन् सोताले मोहाच्या बुडाशी ठेवलं." मग सगळे हसले, मागे गोदामाचा कोपरा जळत असताना. ब्रह्मपुरीचा बंब आला तेव्हा त्यावरच्या माणसांना वाटलं, चुकीच्या जागी आलो.

कोपरा आणि काही बारदाना गेला, मिल राहिली. भाऊंना दोनच गोष्टींची खंत लागून राहिली. एक, स्वतःचा नियम मोडला याची. दुसरी, मी घड्याळ लावलं नव्हतं याची. "खऱ्या आगीचा टाइम कोणाकडंच नाई," ते आठवडाभर म्हणत होते. "दोन मिनिटांच्या आतच होता. पण आता लिहू कायवरून?" मी रजिस्टरमध्ये वेळेच्या रकान्यात 'सर्व बाहेर' असं लिहिलं. ते त्यांनी वाचलं, आणि खाली सही केली. शेठना हवी होती ती हीच सही.

सुताराने रॅकला बेचाळिसावा खण जोडला. नंबर शेवंताबाईंनी स्वतः रंगवला, जरा तिरका.

पावसाळ्यानंतर भाऊ मिल सोडून गेले. कुरखेड्याकडच्या एका मिलला असंच पत्र आलं होतं. तिथल्या मालकालाही सही करणारा माणूस हवा होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ब्रह्मपुरीच्या स्टँडबाहेर. मी मावशीसाठी साखर घ्यायला दुकानात उभी होते. रस्त्याच्या पलीकडे कुरखेड्याची जीप भरत होती. भाऊ नवा तळ लावलेले बूट घालून तिच्यामागे उभे होते. जीपच्या मागच्या दाराला त्यांनी हाताची पाठ लावली. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "बाबाजी, ऊन आहे, दार गरमच राहते." भाऊ म्हणाले, "मालूम आहे. बसलेले किती आहे?" ड्रायव्हरला माहीत नव्हतं. मग भाऊ वाकून, बोट पुढे करून मोजू लागले. पुढचे तीन, मधले पाच, मागे मांडीवरचं मूल धरून सहा. टपावर एकजण गाठोड्यांबरोबर, त्यालाही धरलं.

मी रस्त्याच्या अलीकडून हाक मारली. दुकानदार दचकला आणि त्याच्या हातातून सुट्टी साखर सांडली. भाऊंनी मान वर केली, मला पाहिलं, खूश होऊन हाताने अजून, अजून अशी खूण केली, म्हणजे आवाज अजून वाढवायचा. मी वाढवला. स्टँडवरची माणसं पाहू लागली. भाऊंनी समाधानाने मान हलवली आणि पुन्हा जीपकडे वळले, कारण गिनती मध्येच तुटली होती.

पुन्हा पहिल्यापासून. पुढचे तीन, मधले पाच, मागचे सहा, टपावरचा एक. मग ते जरा थांबले, बोट वळवलं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"सोळा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "चला."